दसरा सोलापुरात, शर्यत सिंगापुरात: एका सहलीच्या आखणीचं प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेलं कुटुंब. घरात चौघं: मालक, वहिनी, पुण्यात आयटीत नोकरी करणारा मुलगा आणि नुकतीच अकरावीत गेलेली मुलगी. मी सहलींची आखणी करून देतो. २०२५ च्या जूनमध्ये आधी मुलगा माझ्या ऑफिसात आला. ऑक्टोबरातली सिंगापूरची फॉर्म्युला वन शर्यत बघायची, आणि आलोच आहोत तर आई-नानांनाही जरा फिरवायचं, असं त्याचं म्हणणं. त्याच आठवड्यात मालक स्वतः आले. त्यांचं म्हणणं, सिंगापूर नीट बघायचं, आणि आलोच आहोत तर पोरांना ती गाड्यांची शर्यतही दाखवायची.

मुलासाठी शर्यत हा गाभा आणि शहर ही पुरवणी. वडिलांचं नेमकं उलट. मुलगी फेरारीची गाडी चालवणाऱ्या लेक्लेरची कट्टर चाहती, म्हणजे भावाच्या बाजूची. वहिनींना शर्यतीशी काही देणंघेणं नव्हतं. दोघं इकडे, दोघं तिकडे. एरवी अशा घरांचं भागतं. सकाळी एकाच्या मनासारखं, संध्याकाळी दुसऱ्याच्या. इथे भागणार नव्हतं.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली, तेव्हा शर्यत शहराबाहेर होती आणि दिल्ली आपल्या जागी होती. अबू धाबीतही ट्रॅक यास बेटावर, मुख्य शहरापासून बाजूला. सिंगापुरात मात्र ट्रॅक म्हणजे शहराचे रोजचे रस्तेच. २००८ मध्ये फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत इथे झाली. सुमारे ४.९ किलोमीटरचा तो वळसा रॅफल्स अव्हेन्यू, सेंट अँड्रूज रोड, पडांगचं मैदान, अँडरसन ब्रिज, एस्प्लनेड ड्राइव्ह असा मरीना बेच्या काठाने जातो. मर्लायन, सिंगापूर फ्लायर, एस्प्लनेड, समोर मरीना बे सँड्स, म्हणजे सिंगापूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते सगळं ह्याच पट्ट्यात. शर्यतीच्या आठवड्यात बुधवारपासून तिथले रस्ते बंद होतात आणि सगळं मोकळं व्हायला पुढचा मंगळवार उजाडतो. मालकांना जे सिंगापूर बघायचं होतं ते मुलाच्या शर्यतीने अडवून ठेवलेलं असणार होतं.

हे त्यांना समजावायला हैदराबाद कामी आलं. ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई ची, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची, शर्यत झाली होती, आणि मालक नेमके त्या आठवड्यात तिकडे पाहुण्यांकडे होते. "तसलंच का? एनटीआर मार्ग बंद केलता बघा. अर्धं हैदराबाद फिरून जावं लागलं." मी म्हटलं, तसंच, फक्त आता पाहुणे तुम्ही असणार आणि तो मार्ग बघायलाच तुम्ही पैसे मोजून जाणार.

तेव्हा पहिला निर्णय हा झाला की शर्यतीचे दिवस आणि शहराचे दिवस वेगळे ठेवायचे. एकाच दिवसात दोन्ही कोंबायचं नाही. हे बोलायला सोपं आहे, पण ह्या शर्यतीचं वेळापत्रक माणसाला भुलवतं. शुक्रवारी आणि शनिवारी गाड्या ट्रॅकवर येतात त्या संध्याकाळी साडेपाचला आणि मग रात्री नऊला. रविवारी मुख्य शर्यत रात्री आठला, आपल्याकडे तेव्हा साडेपाच. कागदावर दिवस मोकळाच दिसतो. मुलानेही तसाच तक्ता करून आणला होता: सकाळी सेंटोसा, दुपारी युनिव्हर्सल स्टुडिओज, संध्याकाळी ट्रॅक. विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावरच्या दमट हवेत दिवसभर चालून मग रात्री अकरापर्यंत ट्रॅकवर उभं राहायचं, हे त्याने लक्षातच घेतलं नव्हतं. त्या शर्यतीत गाडी चालवणाऱ्यांच्या अंगातून दोन-तीन किलो पाणी जातं. २०२५ मध्ये तर उष्णतेचा धोका म्हणून अधिकृत इशारा देण्याची वेळ आली, आणि तो नियम लागू झालेली ती पहिलीच शर्यत. प्रेक्षक काही गाडीत कोंडलेला नसतो, पण चालतो तोही भरपूर. तक्त्यावर मी एकच रेघ मारली: शर्यतीच्या तिन्ही दिवशी सकाळी अकराच्या आत कुणी हॉटेलाबाहेर पडायचं नाही.

शहर शर्यतीच्या आधी की नंतर

बहुतेक लोक आधी फिरतात, शर्यत शेवटी ठेवतात आणि सोमवारी परततात. ते चुकीचं नाही; शर्यत हा सहलीचा कळस वाटतो आणि रजाही कमी लागते. पण ह्या घराला ते जमण्यासारखं नव्हतं, आणि कारण पंचांगात होतं.

शर्यत ३ ते ५ ऑक्टोबर. दसरा २ ऑक्टोबरला, गुरुवारी. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. मागवाल्याच्या घरात खंडेनवमीला मालक कारखान्यात नाही, हे होऊच शकत नाही. माग पुसून, हळदकुंकू लावून, कामगारांच्या हातात पेढे आणि पाकीट दिल्याशिवाय तो दिवस सरत नाही. घर पद्मशाली, बोली तेलुगू, त्यामुळे त्याआधी बतुकम्मा, हा बायकांचा फुलांचा सणही होता. म्हणजे दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावरच निघायचं.

दुसऱ्या बाजूला कोजागिरी, ६ ऑक्टोबरला. सोलापूरकरांना सांगायला नको, कोजागिरीला इथून तुळजापूरचा रस्ता पायी जाणाऱ्यांनी भरून वाहतो, ४५ किलोमीटर, रात्रभर. वहिनी दरवर्षी चालतात. रविवारी रात्री सिंगापुरात शर्यत आणि त्याच रात्री इथे लोक चालायला निघणार. हे कोडं मी सोडवलं नाही, सोडवायला गेलोही नाही. घरच्या देवाधर्मात आखणी करणाऱ्याने बोलू नये. फक्त इतकं स्पष्ट सांगितलं की शर्यत बघून कोजागिरीला तुळजापुरात पोचणं शक्य नाही, उगाच कुणी विमानांच्या वेळा काढून दाखवल्या तर भरवसा ठेवू नका. आठवड्याभराने वहिनींचा निरोप आला: यंदा जाऊबाई चालतील, ओटी त्यांच्याकडे दिली आहे.

तिसरी अट मुलीच्या सहामाहीची. तिला ९ तारखेला घरी असणं भाग होतं.

ह्या तीन खुंट्यांमध्ये जे उरलं ते असं: गुरुवारी दसऱ्याच्या दुपारी निघायचं, शुक्रवारी पहाटे सिंगापूर, तीन संध्याकाळी शर्यतीच्या, आणि सोमवार ते बुधवार शहर. नाइलाजाने आलेला हा क्रम मला आता जास्त बरा वाटतो. शर्यतीच्या रात्री हॉटेलांचे दर दुप्पट-तिप्पट असतात आणि सोमवारी ते धाडकन खाली येतात. आधी फिरणारा माणूस बुधवार-गुरुवार चढत्या दराने राहतो आणि बंद होत चाललेलं शहर बघतो. नंतर फिरणाऱ्याला उतरता दर आणि उघडत जाणारं शहर मिळतं.

किती तिकिटं, आणि कसली

खरी ओढाताण इथे झाली. मालकांचं म्हणणं साधं होतं: "चौघं गेलो तर चौघं बसू की. दोघांना बाहेर ठेवून कसलं बघणं?" मुलाला हे ऐकून बरं वाटलं असावं, कारण तो गप्प बसला. मी वहिनींना फोन दिला आणि सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "एक रात्र हौसेनं बसेन. तीन रात्री मला तिथं बसवू नका." मालकांना मी विचारलं, तुम्ही पार्क स्टेडियमवर सबंध दिवस क्रिकेट बघता का? नाही. टीव्हीवर? स्कोअर बघतो. मग ६२ फेऱ्या बघाल का?

तिकिटं ढोबळमानाने दोन जातींची. एक वॉकअबाउट, म्हणजे नेमलेल्या झोनमध्ये हिंडायचं आणि जिथे फट मिळेल तिथून बघायचं. जागा नाही, खुर्ची नाही. दुसरं ग्रॅन्डस्टॅन्डचं, खुर्ची ठरलेली. त्यातही पिट लेनसमोरची, म्हणजे गाड्या टायर बदलायला थांबतात तिथली, जागा सगळ्यात महाग. शहरातल्या रस्त्यांवरची शर्यत असल्याने दोन्ही बाजूंना भिंती आणि उंच जाळ्या. एका जागेवरून गाडी दिसते ती काही सेकंद, मग दीड-एक मिनिटाने पुन्हा. मधला वेळ मोठ्या पडद्याकडे बघण्यात जातो. अख्खा ट्रॅक दिसेल अशी जागा तिथे कुठल्याच पैशाला मिळत नाही, हे मालकांना ऐकवलं तेव्हा त्यांचा उरलासुरला आग्रह गेला.

चौघांना वॉकअबाउट घेऊन दोघांना नाइलाजाने उभं करण्यापेक्षा ज्या दोघांना जीव तोडून बघायचं आहे त्यांना बसायला द्यावं, हे माझं मत. मुलाला वॉकअबाउट हवं होतं, वेगवेगळी वळणं बघता येतात म्हणून. मुद्दा खरा आहे, आणि तो एकटा जाणार असता तर मीही तेच सांगितलं असतं. पण बरोबर बहीण, उंची जेमतेम पाच फूट. रविवारी जाळीलगतच्या जागा दुपारपासून धरलेल्या असतात. तिसऱ्या रांगेतून तिला पुढच्याची पाठ तेवढी दिसली असती. शिवाय खुर्चीचं तिकीट असलं तरी आपल्या झोनमध्ये हिंडता येतंच. तेव्हा तीन दिवसांची पडांग ग्रॅन्डस्टॅन्डची दोन तिकिटं. समोर जुन्या सिटी हॉलची आणि सुप्रीम कोर्टाची इमारत, जिथे आता नॅशनल गॅलरी आहे, आणि गाण्यांचं मोठं व्यासपीठ हाकेवर. २०२५ ला एल्टन जॉन आणि फू फायटर्स होते. तिकिटाच्या पैशात गाणंही येतं, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसतं.

शुक्रवार वगळून पैसे वाचवायचे का, हाही प्रश्न आला. शुक्रवारी फक्त सराव. मी वगळू नका म्हणालो. शुक्रवारचा रात्री नऊचा सराव हा शर्यतीच्या वेळेला आणि हवेला सगळ्यात जवळचा. साडेपाचला ट्रॅक तापलेला असतो, त्यातून रविवारचा अंदाज येत नाही. संघ त्या एका तासात काय करतात हे बघणाऱ्याला रविवारची शर्यत वेगळीच कळते. आणि गर्दी कमी, म्हणून गेट कुठलं, पाणी कुठे, परतीचा रस्ता कुठला हे शुक्रवारीच पायाखाली घालून घेता येतं.

मधल्या काळात मुलाच्या कुठल्याशा व्हॉट्सअॅप ग्रुपवर पिट लेनसमोरची दोन तिकिटं निम्म्या दरात मिळत असल्याचा निरोप फिरला. अशा वेळी मी चर्चा करत नाही. अधिकृत विक्री सोडून कुठलंही तिकीट मी कुणाला घेऊ देत नाही, घेतलंत तर पुढची आखणी तुमची तुम्ही करा.

झोपायचे पैसे

विमान शुक्रवारी पहाटे उतरणार आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. मधले सात-आठ तास सामान ठेवून फिरू, असं सगळेच म्हणतात आणि सगळेच संध्याकाळी पेंगतात. म्हणून खोल्या गुरुवार रात्रीपासून धरल्या, म्हणजे पोचल्या पोचल्या आत. मालक ह्यावर अडून बसले. शर्यतीच्या भावाने एक अख्खी रात्र, दोन खोल्या, आणि त्या रात्री आपण विमानात! "झोपायचे पैसे भरायचे, ते पण न झोपता?" मी हिशेब त्यांच्याच भाषेत मांडला: शुक्रवारचं तिकीट काढलंय, पोरं झोपेत बघणार असतील तर ते वाया. माल तयार आहे आणि ट्रक पाठवायला डिझेल नको म्हणण्यासारखं आहे ते. ते हसले, पण सही करताना पुन्हा पुटपुटलेच.

हॉटेल फॅरर पार्कला, लिटल इंडियाच्या अंगाला. ट्रॅकलगतच्या हॉटेलात राहण्याची मुलाची हौस होती, पण तिथे शर्यतीच्या रात्री खिडकीचे पैसे खोलीपेक्षा जास्त. फॅरर पार्कहून नॉर्थ ईस्ट लाइनने डोबी घाट, तिथे गाडी बदलून पुढचंच स्टेशन सिटी हॉल, आणि बाहेर आलं की पडांग. आई-वडिलांना शाकाहारी जेवण पायी अंतरावर, देऊळ पायी अंतरावर, मुस्तफा हे मोठं दुकान पायी अंतरावर. पोरं नसताना त्या दोघांना कुणावर अवलंबून राहायला लागू नये, हा ह्या जागेचा खरा फायदा होता.

परतीचा रस्ता मात्र मी जाणूनबुजून वेगळा ठेवला. शर्यत संपली की सगळं पडांग सिटी हॉल स्टेशनच्या तोंडाशी लोटतं. त्यापेक्षा उलट्या दिशेने बुगिसपर्यंत पायी चालावं, आणि तिथून डाउनटाउन लाइनने रोचोर, मग लिटल इंडिया. चुकामूक झाली तर भेटायची जागाही बुगिस स्टेशनचं तोंड. फोनवर भरवसा नाही. इतक्या गर्दीत नेटवर्क रडतं.

कागदपत्रांत अडलं ते एका ठिकाणी. मालकांचा पासपोर्ट फेब्रुवारी २०२६ पर्यंत चालू होता आणि म्हणून ते निर्धास्त होते. सिंगापूरला पोचण्याच्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक लागते, म्हणजे तो पासपोर्ट ह्या सहलीपुरता संपलेलाच. जूनमध्ये लक्षात आलं म्हणून नूतनीकरण निवांत झालं. व्हिसा अधिकृत एजंटमार्फत, ऑनलाइन. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं अरायव्हल कार्ड फुकट असतं. त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटी आहेत, त्यांच्या नादी लागू नये. आणि मालकांसाठी एक खास सूचना होती, ती वहिनींसमोरच दिली: तंबाखूची डबी घरी ठेवा. चघळण्याच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे, सिगारेटच्या एका पाकिटालाही करमाफी नाही. वहिनींना अख्ख्या आखणीत एवढं एकच कलम मनापासून आवडलं.

मुंबई की हैदराबाद

सोलापुरात विमानतळ सुरू झाल्याचा आनंद जूनमध्ये ताजा होता, ९ तारखेपासून गोव्याचं विमान उडू लागलं होतं. मालकांनी विचारलंच, इथूनच का नाही जायचं? गोव्याचा ह्या कामी उपयोग नव्हता, आणि मुंबईचं विमान सुरू झालं ते १५ ऑक्टोबरला, म्हणजे ही मंडळी परत आल्यावर.

उरले दोन पर्याय. वंदे भारतने सकाळी सहाच्या सुमारास निघून दुपारी साडेबाराला सीएसएमटी, मग सामान घेऊन अंधेरीपर्यंत. किंवा गाडीने हैदराबाद, साधारण ३१० किलोमीटर: नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी. पटाणचेरूच्या अलीकडे आउटर रिंग रोडला लागलं की शहरात न शिरता थेट शमशाबादचा विमानतळ. पण दसरा गुरुवारी, आणि गुरुवारी सोलापूरहून वंदे भारत नसायची; असती तरी सकाळी सहाला निघून सोनं वाटणार कधी? हैदराबादच ठरलं. गाडी भाड्याची असेल तर एक गोष्ट आधी विचारून घ्यावी, तिला ऑल इंडिया परमिट आहे का. ह्या रस्त्यावर महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा अशी तीन राज्यं लागतात आणि हुमनाबादच्या पुढे रात्री वाद घालायला वेळ नसतो.

धास्ती वाटली ती सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला. मुलगा पुण्यात. त्याचं तिकीटही हैदराबादहूनच होतं, म्हणजे तो सोलापुरात पोचला नाही तर विमान गेलं. त्याला थेट मुंबईहून पाठवावं का, असा विचार घरात सुरू झाला. मी थांबा म्हणालो. तिकीट बदलायचा खर्च मोठा, आणि हातात आठवडा होता. त्याऐवजी त्याने बुधवारी यायचं ठरलं होतं ते मागे ओढून सोमवारी आणलं आणि उरलेले दिवस घरून काम केलं. पाणी उतरलं, तो आलाही. खंडेनवमीला कारखान्यात हजर राहिला, मालकांना त्याचं अप्रूप जास्त.

पैशांचं एक सांगून ठेवतो, कारण ते धंदेवाल्यांना लागतं. परदेश सहलीचं पॅकेज म्हणून घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल केलेला प्राप्तिकर, लागतो. तेव्हा दहा लाखांपर्यंत ५ टक्के होता. तो बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. सिंगापूर डॉलर तेव्हा ६८-६९ रुपयांच्या घरात होता. २ ऑक्टोबरला बँका बंद, म्हणून रोख लागणारे थोडे डॉलर आधीच घेतले. बाकी मेट्रोपासून सगळीकडे कार्ड चालतं.

प्रत्यक्षात

शुक्रवारी सकाळी चौघं खोलीत जाऊन दुपारपर्यंत झोपले. मुलीचा मला आलेला पहिला मेसेज संध्याकाळचा, पडांगवरून. रात्रीच्या सरावात जॉर्ज रसेल भिंतीवर आदळला. त्याच सरावात लेक्लेरला पिटमधून चुकीच्या क्षणी सोडलं आणि त्याची गाडी मॅक्लारेनच्या नॉरिसच्या गाडीवर गेली. मुलीने ते पडद्यावर पाहिलं आणि माझ्याकडे तक्रार केली, जणू ती गाडी मीच सोडली होती. शुक्रवारी भिंतीला लागलेला रसेल शनिवारी पहिल्या जागेवरून निघण्याचा मान घेऊन गेला आणि रविवारी शर्यत जिंकला. शुक्रवार वगळला असता तर ह्या गोष्टीचं पहिलं पान हुकलं असतं.

आई-वडिलांच्या तीन संध्याकाळी तीन तऱ्हेच्या ठेवल्या होत्या. शुक्रवारी सेरंगून रोडवर दिवाळीची रोषणाई आणि श्रीनिवास पेरुमाळचं देऊळ. शनिवारी मंडाईची नाइट सफारी. ती शहराच्या पार उत्तरेला, शर्यतीच्या गर्दीचा तिथे संबंध नाही. रविवार मुद्दाम मोकळा. त्या दिवशी मालक मुस्तफात टॉवेलच्या मांडणीपाशी उभे राहिले. वहिनींनी सांगितलेलं असं, की एकेक टॉवेल उलटा करून, कडेची शिवण नखाने ओढून, लूप अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चोळून त्यांनी अख्खी रांग तपासली. कुठला देश, किती वजन, काय भाव, सगळं कागदावर उतरवून घेतलं. दुकानातला पोरगा दोनदा येऊन काय हवंय विचारून गेला. घ्यायचं काहीच नव्हतं. सहलीतली सगळ्यात चांगली संध्याकाळ कुठली असं नंतर विचारलं तर मालक हीच सांगतात, आणि ती माझ्या आखणीत नव्हती.

रविवारी शर्यतीआधी पाऊस येऊन गेला. २०२२ साली पावसाने शर्यत तासाहून जास्त लांबली होती आणि दोन तासांच्या मर्यादेमुळे ६१ पैकी ५९ फेऱ्यांवर थांबवावी लागली होती. म्हणूनच त्या रात्रीनंतर कुठलंच विमान ठेवलं नव्हतं. ह्या वेळी तसं काही झालं नाही, सुरुवात वेळेवर झाली. लेक्लेर सहावा आला. मॅक्लारेनने संघांचं विजेतेपद त्याच रात्री पक्कं केलं. गाणी ऐकून भावंडं बुगिसमार्गे हॉटेलात पोचली तेव्हा वहिनी जाग्या होत्या आणि सोलापूरहून नेलेली कडक भाकरी नि शेंगाचटणी टेबलावर होती.

सोमवारी चौघांनी हॉटेल बदललं. मुलाला ज्या मरीना बेसमोरच्या खोलीची हौस होती ती आता साध्या दराने मिळाली. खिडकीतून ट्रॅक दिसत होता, त्यावर क्रेन आणि ट्रक. जाळ्या, खांब, पाट्या उतरवण्याचं काम. मुलगा हिरमुसला नाही, उलट ते बघत बसला. त्या दिवशी आपली कोजागिरी आणि चिनी लोकांचा मध्य-शरद सण एकाच पौर्णिमेला आले होते. चायनाटाउनात कंदिलांची रांग लागलेली. वहिनींनी घरून मसाला नेला होता, दूध तिथल्या सुपरमार्केटातलं. तिकडे तुळजापुरात जाऊबाई पोचल्याचा फोन आला आणि मग त्यांनी दूध घेतलं.

मंगळवारी रस्ते उघडल्यावर मर्लायन ते एस्प्लनेड पायी, बुधवारी गार्डन्स बाय द बे आणि संध्याकाळी विमानतळावरच्या ज्युएलचा धबधबा बघून विमान. सेंटोसा राहिलं. ते वगळायचा निर्णय मालकांनी तिथे घेतला, पाय दुखतात म्हणून, आणि मला तो योग्य वाटतो.

आता त्यांच्या चुलत भावाने २०२६ साठी विचारलं आहे, "त्यांचं केलंय तसंच करून द्या." तसंच करता येणार नाही. २०२६ ची शर्यत ९ ते ११ ऑक्टोबरला आहे आणि त्यात स्प्रिंट आहे, म्हणजे शुक्रवारी एकच सराव आणि त्याच रात्री स्प्रिंटची पात्रता, शनिवारी छोटी शर्यत आणि मुख्य पात्रता. शुक्रवारच्या तिकिटाचं मोल वाढलं. पंचांगही फिरलं: १० तारखेला सर्वपित्री अमावस्या आणि ११ ला, ऐन शर्यतीच्या दिवशी, घटस्थापना. ह्यांच्या घरी घट बसतात. मी त्यांना सांगितलं आहे की आधी घरात विचारा घट कोण बसवणार, उत्तर आलं की तिकिटांचं बघू.